गाऱ्हाणं घालून केलेली चोरी

१

सोमवारी सकाळी सुशीला खोबरेकर ऑफिसात पोचल्या, तेव्हा धनेश पराडकर येरझाऱ्या घालत होता. ऑफिस म्हणजे तरी काय, मालवणच्या बाजारात कापडदुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. एकीत कॅमेरा, दिवे आणि हिरवा फळा. दुसरीत धनेशचा संगणक आणि सुशीलाबाईंचा फोन. एवढ्या पसाऱ्यावर 'अंकसारथी' नावाचा ऑनलाइन क्लास चालायचा. स्पर्धा परीक्षेचं गणित, पार वैभववाडीपासून इन्सुलीपर्यंतची पोरं शिकायची.

"काकी, आपले सगळे धडे चोरीला गेले," धनेश म्हणाला आणि त्याने मोबाईल पुढे केला. कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवर चौसष्टच्या चौसष्ट धडे कुणीतरी टाकले होते. फुकट. ज्याला हवं त्याने उचलावं.

धडे होते धनेशच्या मामांचे, गुरुप्रसाद मयेकर सरांचे. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. मोतीबिंदूमुळे हल्ली ते फळ्यावर आकडे तळहाताएवढे काढत, पण समजावण्याची हातोटी अशी की ढ पोरालाही वाटावं, अरेच्चा, एवढंच होतं होय! क्लास मात्र धनेशचा, आणि त्याने धड्यांना कुलपंही तशीच भक्कम ठोकली होती. डाउनलोडचं बटणच नाही. एक खातं एकाच फोनवर चालणार. शिवाय धडा सुरू असताना बघणाऱ्याचा मोबाईल नंबर पडद्यावर फिकट करड्या अक्षरांत इकडून तिकडे फिरत राहायचा. कुणी चोरी केलीच, तर चोराचा पत्ता चोरीच्या मालावरच छापलेला.

आणि तसंच झालं होतं. चोराने एका पडद्यासमोर दुसरा फोन उभा करून सगळं चित्रण केलं होतं. त्या चित्रणात पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत एकच नंबर फिरत होता.

"संचिता रावराणे, वैभववाडी," धनेश म्हणाला. "खातं बंद केलंय. बुधवारी पोलिसात तक्रार देणार."

सुशीलाबाईंना आधी रविवार आठवला. रविवारी तलाठ्याची परीक्षा होती. शेवटच्या सराव चाचण्या त्या खात्यातच उघडायच्या होत्या, आणि पोलिसात नाव गेलं की उद्या पास होऊनही चारित्र्य पडताळणीत पोर अडकणार. एका तक्रारीत तिचा जन्म फुकट जाणार होता.

शिवाय संचिता ही त्यांची खास होती. दिवसभर पोरांचे फोन यायचे. व्हिडिओ अडकतो, पासवर्ड विसरलो, आवाज येत नाही. काम झालं की पोरं खट्कन फोन ठेवायची. संचिता एकटी विचारायची, काकी जेवलात? एकसष्ट वर्षांच्या, नवरा गेलेल्या, मुलगा बोटीवर असलेल्या बाईला हे विचारणारं मालवणात दुसरं कुणीच नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे.

त्यांनी दोन दिवस मागितले. धनेशने नाक मुरडलं, पण दिले. मामांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असंही बजावलं. "त्यांच्याकडे तर खातंपण नाही. दोनदा मागितलं होतं. म्हटलं, स्वतःचेच धडे बघून काय करणार तुम्ही?"

मग सुशीलाबाईंनी तक्रारींची वही उघडली आणि त्यांचा हात थांबला. तीन आठवड्यांपूर्वी संचिताचं खातं एका नव्या उपकरणावर हलवलं गेलं होतं. ती नोंद त्यांच्याच अक्षरात होती. ते त्यांनीच करून दिलं होतं, नवा फोन घेतलाय असं संचिता म्हणाली म्हणून.

२

मंगळवारी सकाळच्या एसटीने त्या आधी कणकवलीला उतरल्या. जितेंद्र पारकर तिथे राहत होता. अंकसारथीचा कॅमेरा आणि संकलन पूर्वी तोच बघायचा. धनेशशी फाटलं आणि त्याने स्वतःचा क्लास काढला. वैर म्हणावं तर याचंच होतं.

जितेंद्रने त्यांना बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि मोबाईलवरची चोरी बघून तो मनापासून हसला. त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मूळ चित्रणं कित्येक महिने त्याच्याच हाताखाली होती. न्यायचीच असती तर तो स्वच्छ प्रती घेऊन गेला असता, पडद्यासमोर फोन धरून असली धूसर रद्दी कशाला बनवेल?

"आणि काकी, ह्यो नंबर बघा," तो म्हणाला. "शाळकरी पोर असतो तरी तेवढ्यावर पट्टी मारून झाकलो असतो. हेना झाकूकच नाय. चोर एक तर येडो आसा, नायतर तेका नंबर दिसलोच नाय."

हे सुशीलाबाईंनी मनात टिपून ठेवलं. संचिता वेडी नव्हती, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं.

जितेंद्रने पहिला धडा सुरू केला. सरांचं 'नमस्कार विद्यार्थी मित्रांनो' आलं आणि त्याच्याखालून कसलीशी पुटपुट. सुशीलाबाईंनी ती ऑफिसातही ऐकली होती. सरांचाच आवाज, घुमला असेल खोलीत, म्हणून सोडून दिली होती. जितेंद्रने मात्र धडा थांबवला.

"हे माझं नाही," तो एकदम प्रमाण मराठीत आला. कामाचं बोलताना त्याचं तसंच व्हायचं. "या धड्याचा आवाज मी स्वतः साफ केलाय. मूळ धड्यात पुटपुट नाही. ही चोराच्या खोलीतली आहे."

त्याने आवाज वाढवला. दोघं कान देऊन ऐकू लागले. शब्द फुटत नव्हते, पण चाल ओळखीची होती. लांबलचक विनवणी, मग क्षणभर थांबणं, मग तोकडं उत्तर. पुन्हा विनवणी, पुन्हा उत्तर. आणि एका उत्तराला दोन शब्द स्वच्छ सुटे झाले.

व्हय म्हाराजा.

जितेंद्रला हसू आवरेना. चोराने चोरीआधी गाऱ्हाणं घातलं होतं! आता आमच्या सिंधुदुर्गात गाऱ्हाण्याशिवाय कशाचा आरंभ होत नाही, हे खरं. होडी पाण्यात लोटा नाहीतर नवी गाडी आणा, एक जाणता देवाला हाक मारून साकडं घालणार आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणार. पण देवाला साक्षी ठेवून चोरी? हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

सुशीलाबाईंना मात्र हसू आलं नाही. गाऱ्हाण्याला उत्तर देणारी माणसं लागतात. म्हणजे घर भरलेलं हवं. जितेंद्रच्या घरात बायको आणि पाळण्यातलं मूल, बस्स. संचिताच्या घरात नऊ माणसं होती. तिनेच एकदा मोजून सांगितली होती.

३

वैभववाडीत उतरून रिक्षाने आत जावं लागलं. घाटाच्या पायथ्याचं गाव, अंगणात काजूबिया वाळत घातलेल्या. घराला लागूनच संचिताच्या बापाची पिठाची गिरण धडधडत होती. सुशीलाबाईंनी पिशवीतून फोन काढला. रेंज शून्य.

चोरलेल्या चित्रणात त्या पुटपुटीशिवाय टाचणी पडल्याचाही आवाज नव्हता. इथे तर शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. हे घर नव्हे, सुशीलाबाईंचं मन म्हणालं, आणि त्यांना हायसं वाटलं.

संचिता त्यांना बघून आधी हरखली आणि मग पांढरी पडली. खातं बंद झाल्याचा निरोप तिला काजूच्या बागेतल्या कातळावर मिळाला होता. रेंज तेवढ्या कातळावरच यायची. वीस मिनिटांचा धडा तिथे दोन तास अडकत अडकत बघायचा, उन्हात.

सुशीलाबाईंनी तिचा फोन मागून घेतला. ॲपमध्ये जुनाच निरोप लटकत होता: आपले खाते दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे नवीन फोन वगैरे काही नव्हतंच. पोरीने आपलं खातं दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं होतं, परीक्षा तोंडावर असताना.

घरात गाऱ्हाणं कोण घालतं, असं त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं. संचिता गोंधळली. त्यांच्यात घरी ती रीत नव्हती, देवळात मानकरी घालत.

"संचिता, माका खरा सांग. रेकॉर्ड कोणी केल्यान?"

"मी करूक नाय, काकी. धडे माझ्याकडे आसत, मेमरी कार्डात. तेच्यावरच अभ्यास करतंय."

"कार्ड दिल्यान कोणी?"

पोरीचे डोळे भरून आले, पण मान हलली नाही. "ता मी सांगूचंय नाय. माझा नाव पोलिसात गेला तरी चलात. तेंचा जावक नको."

सुशीलाबाईंना राग आला आणि कौतुकही वाटलं. एकवीस-बावीस वर्षांची पोर आपली नोकरी कुणासाठी तरी ओवाळून टाकत होती, आणि तो कुणीतरी गप्प बसला होता. त्याचा गळा धरावा असं त्यांना वाटलं. निघताना संचिताने विचारलं, काकी, जेवून जाशात ना? त्या न जेवताच निघाल्या.

४

परतीच्या एसटीत त्यांनी कानांत इअरफोन घातले आणि ते पहिलं मिनिट पुन्हा पुन्हा ऐकलं.

तरुणपणी त्या मालवणच्या टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडायच्या. मुंबईला बोट लागल्याची, गावाकडे बाळंत झाल्याची, मयताची, सगळी बातमी त्यांच्या कानांवरून गेलेली. तेव्हापासून त्यांच्या कानांना एक खोड होती. लाईनवर किती माणसं आहेत, ते त्यांना शब्दांआधी कळायचं.

एसटीने कसाल सोडलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. विनवणी. थांबणं. उत्तर. जमावाचं 'व्हय म्हाराजा' कसं असतं? कुणी आधी म्हणतो, कुणी मागून, एखादा खोकतो. इथे उत्तराला एकच गळा होता. आणि विनवणी ज्या गळ्यातून येत होती, त्याच गळ्यातून.

सुशीलाबाईंनी इअरफोन काढले. हे त्यांना कळायला एवढा वेळ का लागला? त्या स्वतः तेच करत होत्या. नवरा गेल्यापासून दर चतुर्थीला गणपतीपुढे उभ्या राहून मुलासाठी गाऱ्हाणं घालायच्या, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायला घरात कुणी नाही म्हणून तेही आपणच म्हणायच्या. हळू आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

चोर एकटा राहत होता. त्याच्या घरात शांतता होती. पडद्यावरचा फिकट नंबर त्याला दिसला नव्हता. आणि त्याच्यासाठी संचिता जीव द्यायला तयार होती.

राहता राहिला आवाज. ऑफिसात सुशीलाबाईंना ती पुटपुट सरांच्या आवाजाचा घुमारा वाटली होती. कान चुकले नव्हते, अक्कल चुकली होती. आवाज सरांचाच होता. चोराचा आवाज चोराच्याच आवाजाखाली लपला होता.

त्या घरी गेल्या नाहीत. मालवणला उतरून आचऱ्याच्या रस्त्याची रिक्षा धरली.

५

मयेकर सरांच्या पडवीखाली चपलांचे सहा जोड होते.

आत शाळेने भंगारात काढलेले दोन बाक, आणि त्यांवर दाटीवाटीने पोरं. सर पाटीवर गणित घालत होते. अंगावर बंडी, चेहऱ्यावर तेज. सुशीलाबाईंनी स्टुडिओत त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. एकेक पोर उठे, गणित सोडवून दाखवी, आणि सर फळीवरच्या डब्यातून एक चिमुकलं मेमरी कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवीत. कार्डाला मोल नव्हतं. समोर बसून एक गणित सोडवायचं, एवढीच अट.

पोरं गेल्यावर सुशीलाबाईंनी फोनवर ते पहिलं मिनिट लावलं. सर ऐकत राहिले. मग खाली बसले.

त्यांनी काहीच नाकारलं नाही. संचिता मागे कशाला तरी मालवणात आली होती, ती त्यांना शोधत घरी आली. रेंज नाही, धडा अडकतो, सर, तुमच्याकडे तुमचे धडे आहेत का? आणि सरांकडे त्यांचेच धडे नव्हते. हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण ती पोर गेल्यावर त्यांना रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला परत बोलावलं. तिने आपलं खातं त्यांच्या टॅबवर सुरू करून दिलं. त्यांनी टॅबसमोर फोन उभा केला आणि एकेक धडा करत दहा दिवसांत सगळे उतरवले.

"आणि गाऱ्हाणा?"

"पोरांच्या अभ्यासाचो आरंभ, बाई. गाऱ्हाणा नको?" सरांना प्रश्नच विचित्र वाटला. "पोरांका यश दी म्हणून सांगलंय. म्हणूक कोण नाय होता, म्हणून व्हय म्हाराजा पण मीच."

संचितापाठोपाठ तिची मैत्रीण आली, मग मैत्रिणीचा भाऊ. धडे ऑनलाइन गेल्यापासून चार वर्षांत त्या पडवीत विद्यार्थी चढला नव्हता. आता रोज येऊ लागले. त्यांतल्याच कुणी तरी ते ग्रुपवर टाकले असणार. टेलिग्राम म्हणजे काय, ते सरांना धड ठाऊकही नव्हतं.

सुशीलाबाईंनी पडद्यावर फिरणारा नंबर बोटाने दाखवला. सरांनी फोन नाकापाशी नेला, मान वाकडी केली, सरळ केली.

"ह्यो खंयचो नंबर?"

"संचिताचो. उद्या धनेश तेच्यावर पोलिसात जाताहा. तिना तुमचा नाव सांगूक नाय."

सरांचं तोंड उतरलं. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून विद्यार्थ्याचं नुकसान झालं नव्हतं, ते आता झालं. मग उठून त्यांनी खुंटीवरचा सदरा चढवला. बटणं खालीवर लागली होती. ऑफिस आता बंद, सकाळीच जा, असं सुशीलाबाईंना सांगावं लागलं.

६

बुधवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच सर माडीच्या जिन्यात उभे होते. धनेश आधी हसला, मग चिडला, मग त्याचा आवाज चढला. मामा असलात म्हणून काय झालं, माझ्या मेहनतीचं वाटोळं केलंत, वगैरे. सरांनी सगळं ऐकून घेतलं. पोराने जे बोलायला हवं होतं, तेच तो बोलत होता.

"तक्रार करूची तर माझ्यावर कर," ते म्हणाले. "चेडवाचा खाता आधी उघड."

मामावर तक्रार करायला धनेशचा हात उचलेना. त्याने संचिताचं खातं तिथल्या तिथे उघडलं आणि परत तिच्या फोनवर हलवलं. पण सर हलले नाहीत. त्यांना आणखी एक हवं होतं. घाटाखालच्या, आडगावच्या पोरांना धडा आपल्या फोनात घेऊन ठेवता यावा, रेंज नसली तरी बघता यावा.

सुशीलाबाईंनी तोंड घातलं. तक्रारवहीची पानं त्यांनी धनेशपुढे धरली. दहा फोनांतले सात धडा अडकण्याचे. कुलपं लावून चोर थांबला नाही, अडली ती पोरं, हे त्यांनी त्याला सरळ सांगितलं. धनेश वरमला. मग कबूल झाला की तशी सोय करता येते. धडा ॲपच्या आतच उतरतो, तिथून बाहेर कुणाला पाठवता येत नाही. त्याने भीतीपोटी ती कधी चालूच केली नव्हती.

संध्याकाळपर्यंत ती चालू झाली. संचिताचा कातळावरून फोन आला. ती रडत होती, हसत होती, काकी जेवलात का हे विचारायलाही विसरली नाही. सुशीलाबाई त्या दिवशी जिंकल्या होत्या.

गुरुवारी त्यांचा फोन चारदा वाजला. शुक्रवारी एकदा, तोही चुकून लागलेला. धडे अडकायचे थांबले, तसे फोनही थांबले. पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस आलात तरी चालेल, असं धनेश जाता जाता म्हणाला. त्यात त्याचं वाईट मन नव्हतं.

ऑफिस सुटल्यावर त्या आचऱ्याच्या रस्त्याला गेल्या. सरांच्या पडवीत एकही पोर नव्हतं. पाटीवर एक गणित घालून ठेवलं होतं, ते तसंच होतं. सर बाकावर बसून होते.

"डाउनलोड दिल्यावर पोरां येवची नाय, ह्या तुमका म्हायत होता, सर?"

"म्हायत नसताला?" सर म्हणाले. "पोरांका धडे व्हये होते, बाई. पोरां माका व्हयी होती."

धनेशसमोर वही उघडून धरणाऱ्या सुशीलाबाईच होत्या. संचिता चाचण्यांत चांगले गुण घेतेय, एवढं त्यांनी सांगितलं. सरांनी मान डोलावली. मग त्या उठल्या.

"येतंय हां, सर," त्या म्हणाल्या, निघताना सगळेच म्हणतात तसं.

"सगळी पोरां तसाच सांगून गेली," सर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

सुशीलाबाई फाटकापर्यंत गेल्या. कडी काढली, आणि हात तिच्यावरच राहिला. घरी जाऊन काय करणार होत्या? त्यांनी कडी परत लावली, पडवीत येऊन चपला काढल्या आणि पोरांच्या बाकावर बसल्या. दहावीला आपण गणितातच नापास झालो होतो, हे त्यांनी सरांना सांगून टाकलं. सरांनी खडू उचलला.